नखं कोणती शिकू, डॉक्टरकाका?

गेल्या गुरुवारी रात्री साडेनऊला शेवटचा पेशंट गेला. मी टेबलावरचे कागद आवरायला घेतले, तोच दार किलकिले झाले. आमच्या कंपाउंडरची धाकटी मुलगी दारात उभी होती. बारावीनंतर वर्षभर ती एका ब्यूटी पार्लरमध्ये मदतनीस म्हणून जाते आहे. लहानपणी दम्यापायी तिने माझ्या दवाखान्यात कितीतरी रात्री काढल्या. त्यामुळे तिला पाहताच माझा हात सवयीने स्टेथोस्कोपकडे गेला.

“तपासायचं नाही काका, विचारायचंय,” ती म्हणाली आणि तिने एक रंगीत पत्रक माझ्यापुढे ठेवले.

पत्रक नखांच्या क्लासचे होते. हल्ली लग्नसराईत नवरीच्या हाताला मेंदीबरोबर लांब, चकचकीत, नक्षीदार नखेही लागतात. मूळ नखावर कृत्रिम नख चढवण्याच्या या कामाला ‘नेल एक्स्टेन्शन’ म्हणतात. पत्रकावर चार प्रकार होते: अ‍ॅक्रिलिक, जेल, पॉलीजेल आणि सॉफ्ट जेल टिप. प्रत्येकाची फी वेगळी. चारही शिकण्याइतके पैसे घरात नव्हते. आईने भिशी उचलली होती, त्यात एकच बसत होता.

“पार्लरमधल्या ताई म्हणतात अ‍ॅक्रिलिक शीक, पैसा त्यात आहे. क्लासच्या मॅडम म्हणतात जेल शीक, त्याला वास नाही म्हणजे त्रास नाही. बाबा म्हणाले डॉक्टरांना विचार. नखं कोणती शिकू, काका?”

नखाला ठेच लागली, नखुरडे झाले, नखात बुरशी शिरली म्हणून माझ्याकडे येणारे पुष्कळ. पण इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. एरवी मी तो हसण्यावारी नेला असता. तसे करता आले नाही, कारण चार वर्षांपूर्वीची एक गोष्ट मला अजून टोचते.

माझी एक चूक

पंचविशीतली एक मुलगी बोटांच्या टोकांना खाज येते म्हणून आली होती. कातडी सुकलेली, सोललेली, मधूनमधून चिरा. एक-दोन नखे कडेने उचललेली. मी बुरशी समजून मलम दिले, मग गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी आली तेव्हा भेगांतून रक्त येत होते आणि पापण्याही सुजल्या होत्या. मी औषध बदलले. मधेच भावाच्या लग्नासाठी ती दहा दिवस गावी गेली आणि परत येऊन म्हणाली, “डॉक्टर, गावाला असताना बरं होतं, इथं आले की पुन्हा सुरू.” मी म्हटले, हवापाण्याचा फरक असेल. तिथेच माझी चूक झाली.

वाचकहो, इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. वैद्याने रोग्याला ‘तू धंदा काय करतोस?’ हेही विचारावे, असा त्याचा आग्रह होता. मेडिकल कॉलेजात हे आम्हाला शिकवलेले असते. तरी दीड महिना मी त्या मुलीला हा साधा प्रश्न विचारला नव्हता. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले, त्यांनी तो पहिल्या पाच मिनिटांत विचारला. ती घरातल्या एका खोलीत नखे बसवण्याचे काम करत होती. पाठीवर निरनिराळ्या रसायनांच्या पट्ट्या लावून पॅच टेस्ट केली, तेव्हा नखाच्या जेलमधल्या द्रव्यांची अ‍ॅलर्जी निघाली.

अ‍ॅलर्जी शमवायला औषध आहे, ती मुळातून घालवायला नाही. तिला काम सोडावे लागले. कर्ज काढून घेतलेला दिवा, ड्रिल मशीन आणि रंगांच्या बाटल्या माळ्यावर गेल्या. आता ती एका कापडदुकानात कामाला आहे.

त्यानंतर मी मुद्दाम या विषयाचे वाचन केले आणि एका ओळखीच्या पार्लरमध्ये दुपारभर बसून काम पाहिले. नक्षी कोणती खपते आणि नफा कशात, हे मला विचारू नये. पण त्या बाटल्यांतले द्रव्य अंगाशी कसे वागते, हे सांगता येईल.

कूळ एकच

पहिली गोष्ट ही, की पत्रकावरचे चारही प्रकार एकाच कुळातले आहेत. त्या कुळाचे नाव अ‍ॅक्रिलेट. १९५० च्या दशकात अमेरिकेत फ्रेड स्लॅक नावाच्या दंतवैद्याने आपले तुटलेले नख दाताच्या कामातील अ‍ॅक्रिलिकने सांधले. आजच्या कृत्रिम नखांची सुरुवात तिथे झाली असे मानतात. म्हणजे ही वस्तू मुळात दातांच्या दवाखान्यातली.

या कुळातली द्रव्ये सुरुवातीला सुटी, अगदी बारीक कणांची असतात. त्यांना मोनोमर म्हणतात. ती एकमेकांना जोडली गेली की त्यांच्या लांब साखळ्या होतात आणि टणक प्लास्टिक तयार होते. हे तयार झालेले नख सहसा त्रास देत नाही. त्रास देतो तो न जुळलेला, ओला मोनोमर. तो कातडीत झिरपतो.

सिमेंटचे उदाहरण घ्या. वाळलेल्या स्लॅबवर आपण उघड्या पायांनी चालतो, काही होत नाही. पण ओल्या सिमेंटमध्ये रोज हात घालणाऱ्या गवंड्याच्या हाताला इसब होते. नखांच्या कामातही तसेच आहे. ओले नखावर राहिले पाहिजे, कातडीला लागता कामा नये, आणि पूर्ण वाळले पाहिजे.

अ‍ॅलर्जी पहिल्या दिवशी होत नाही, आणि घोटाळा होतो तो यामुळेच. बिब्बा उतणे आपल्याला माहीत आहे. कुणाच्या अंगावर बिब्बा एवढा उततो की तोंड ओळखू येत नाही, कुणाला काही होत नाही. शरीराने एकदा एखादे द्रव्य शत्रू म्हणून ओळखले, की पुढे त्याचा थेंबही पुरतो. नखांच्या कामात ही ओळख पटायला काही आठवडे लागतील, काही महिने लागतील, वर्षही जाईल. ‘मला वर्षभर काही झालं नाही’ हे वाक्य म्हणूनच निरर्थक आहे.

एकदा अ‍ॅलर्जी जडली की ती बहुधा जन्मभर राहते, आणि नखांपुरती राहत नाही. दातात भरण्याचे पांढरे सिमेंट, गुडघा किंवा खुबा बदलताना वापरले जाणारे हाडाचे सिमेंट आणि मधुमेहींनी दंडावर लावायच्या काही सेन्सरचा गोंद यांतही याच कुळातली द्रव्ये असतात. विशीत नखांपायी जडलेली अ‍ॅलर्जी साठीत गुडघ्याच्या ऑपरेशनवेळी आठवावी लागते, ती अशी.

ही माझ्या एकट्याची भीती नाही. अमेरिकेतील स्पर्शजन्य इसबाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली अ‍ॅक्रिलेट हा ‘वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक पदार्थ’ ठरवला. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये जाहीर इशारा दिला. युरोपीय संघात २०२१ पासून ‘हेमा’ हे द्रव्य असलेल्या नखांच्या मालावर ‘केवळ व्यावसायिक वापरासाठी’ आणि ‘अ‍ॅलर्जी होऊ शकते’ असे छापावे लागते.

चार प्रकार, चार स्वभाव

अ‍ॅक्रिलिकमध्ये एक पातळ द्रव आणि एक पावडर असते. कुंचला द्रवात बुडवून पावडरीत टेकवायचा, टोकावर गोळी तयार होते, ती नखावर बसवायची. ती हवेतच घट्ट होते, दिवा लागत नाही. लोडशेडिंगच्या गावात ही सोयच म्हणायची. नख मजबूत होते. पण द्रवाची वाफ खोलीभर पसरते, वास डोक्यात जातो आणि कानस मारताना धूळ उडते. ही वाफ आणि धूळ दम्याच्या माणसाला चांगली नाही. गोळी फार ओली घेतली तर जास्तीचा द्रव कातडीवर ओघळतो. द्रव कोणता, हेही पाहावे लागते. मिथाइल मेथाक्रिलेट हे स्वस्त द्रव्य नखांना इजा करते म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्याच्या शंभर टक्के मालाविरुद्ध कोर्टात कारवाई केली होती. त्याऐवजी इथाइल मेथाक्रिलेट वापरतात. नख दगडासारखे कडक झाले आणि अ‍ॅसिटोनमध्ये भिजवूनही सुटत नसेल, तर स्वस्त मालाचा संशय घ्यावा.

जेल मधासारखे दाट असते आणि दिव्याच्या अतिनील किरणांनी घट्ट होते. वाफ फार कमी, म्हणून वास कमी. पण ‘वास नाही म्हणजे त्रास नाही’ हे मॅडमचे म्हणणे खरे नाही. उलट वास नसल्यामुळे माणूस बेफिकीर होतो. थर जाड दिला, रंग गडद असला किंवा दिवा त्या जेलला जुळणारा नसला, तर वरून घट्ट आणि आतून कच्चे राहते. बरोबर वाळले तरी हवेतील प्राणवायूमुळे बहुतेक जेलचा अगदी वरचा थर चिकट राहतो. त्या चिकटपणात कच्चे द्रव्य असते. तो बोटाने चाचपून पाहणे म्हणजे अ‍ॅलर्जीला आमंत्रण. कडक जेल अ‍ॅसिटोनने निघत नाही, कानशीने घासूनच काढावे लागते, मग धूळ आलीच.

पॉलीजेल हा या दोघांमधला प्रकार. कणकेसारखा घट्ट, त्यामुळे ओघळत नाही आणि आकार द्यायला सवड मिळते. पण त्यालाही दिवा लागतो, आणि नवशिक्या मुली तो बोटाने दाबून बसवतात. तसे करू नये.

सॉफ्ट जेल टिप म्हणजे तयार नख जेलच्या गोंदाने चिकटवणे. काम झटपट होते, काढताना अ‍ॅसिटोनमध्ये सुटते. पण छोट्या टॉर्चसारख्या दिव्याने क्षणभर उजेड दाखवून पुढे गेले, तर टिपेखालचा गोंद कच्चा राहतो. दाबताना कडेने बाहेर आलेला गोंदही कातडीला लागतो.

मग मी काय सांगितले?

मी तिला म्हटले, “बाळ, कोणतं जास्त टिकतं आणि कोणतं जास्त खपतं हे नंतर बघ. कोणतं काम तुला वीस वर्षं करता येईल, हे आधी बघ.” आणि तिला तीन प्रश्न विचारले.

पहिला, तुझी छाती कशी आहे? तिला लहानपणी दमा होता, आजही थंडीत इनहेलर लागतो. तेव्हा वाफ सोडणारे अ‍ॅक्रिलिक तिच्यासाठी नव्हे.

दुसरा, खोली कशी आहे? ती म्हणाली, दुकानाच्या वरची आठ बाय दहाची, एकच खिडकी, तीही जिन्यात उघडणारी. अशा खोलीत छाती धडधाकट असलेल्या मुलीनेही अ‍ॅक्रिलिकचे काम करू नये. वाफ आणि धूळ बाहेर फेकणारा पंखा कोणत्याही प्रकारासाठी लागेलच. कापडी मास्कने वाफ अडत नाही. बारीक धुळीसाठी एन-९५ मास्क उपयोगी, पण तोही वाफ अडवत नाही.

तिसरा, हातांची कातडी कशी आहे? हिची बरी आहे. जिचे हात मुळातच कोरडे आणि भेगाळलेले, किंवा जिला आधीपासून इसब आहे, तिने आधी त्वचारोगतज्ज्ञांना हात दाखवावेत आणि मगच फी भरावी. चिरलेल्या कातडीतून द्रव्य सहज आत जाते.

हे सगळे जमेस धरून मी सांगितले: जेल शीक, कुंचल्याने लावायचे, अ‍ॅसिटोनने सुटणारे. जेल आणि दिवा एकाच कंपनीचे घे. त्या कंपनीने सांगितलेला थर आणि वेळ तंतोतंत पाळ. शक्यतो ‘हेमा’ नसलेले बघ, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नकोस. ‘हेमा’ नसले तरी कुळातली इतर भावंडे त्यात असतातच. रंगाआधी नैसर्गिक नखाचे काम शीक: कापणे, मुळाची कातडी न दुखवता साफ करणे, हत्यारे निर्जंतुक करणे आणि बसवलेले नख सुखरूप काढणे. ज्या क्लासात नख काढायला शिकवत नाहीत, तिथे फी भरू नकोस.

एखादीची छाती चांगली, खोली मोकळी आणि पंखा चांगला असेल, तिला अ‍ॅक्रिलिकही चालेल. तेव्हा अमुक प्रकार चांगला आणि तमुक वाईट, असा निकाल मी देत नाही. आपले शरीर आणि आपली जागा पाहून निवड करावी.

हाताला लागू द्यायचे नाही

कुठलाही प्रकार शिका, पुढील नियम सगळ्यांना सारखेच आहेत.

१. ओले द्रव्य ना स्वतःच्या कातडीला लागू द्यावे, ना गिऱ्हाइकाच्या. नखाच्या कडेला केसभर जागा मोकळी सोडावी. कातडीवर ओघळलेले द्रव्य दिव्याखाली जाण्याआधी काडीने काढावे.

२. हाताला लागलेच तर कोरड्या कागदाने टिपून लगेच साबण-पाण्याने धुवावे.

३. नायट्राइलचे हातमोजे वापरावेत, पण त्यांतूनही ही द्रव्ये थोड्याच वेळात आरपार जातात. द्रव्य लागलेला हातमोजा लगेच बदलावा. एकच जोडी दिवसभर वापरणे हे न वापरण्यापेक्षा वाईट.

४. बाटलीचे तोंड, दिव्याची आतली बाजू, टेबल रोज पुसावे. पुसलेला कागद झाकणाच्या डब्यात टाकावा. काम करताना तोंडाला, डोळ्यांना हात लावू नये. पापण्या सुजतात त्या यामुळेच.

५. पाकिटावर बनवणाऱ्याचे नाव, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी असलेलाच माल घ्यावा. दिव्याने घट्ट होणाऱ्या काही जेलमध्ये असलेले टीपीओ हे द्रव्य प्राण्यांवरील प्रयोगांत प्रजननाला घातक दिसल्याने युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केले आहे. पर्याय उपलब्ध आहेत, ते मागावेत.

६. अ‍ॅसिटोन पेट घेते. देवघरातल्या निरांजनाजवळ किंवा गॅसजवळ काम नको. नख चिकटवण्याआधी लावायच्या काही प्राइमरमध्ये कातडी जाळणारे आम्ल असते. त्या बाटल्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

७. बोटांच्या टोकांना खाज, लाली किंवा बारीक फोड दिसताच काम थांबवावे. मलम लावून काम रेटू नये.

नखे लावून घेणाऱ्या ताईंसाठी

हाताचे नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढते. संपूर्ण नख नवे यायला साधारण सहा महिने लागतात. म्हणून ओरबाडून काढलेल्या नखाची भरपाई लवकर होत नाही. उचललेले नख स्वतः उपटू नका, जिने बसवले तिच्याकडून काढून घ्या. उचललेल्या नखाखाली पाणी साचते आणि तिथे जंतू वाढून नख हिरवे पडते. दिवसातून दहा वेळा भांडी, कणीक, कपडे यांत हात घालणाऱ्या बायकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

दिव्याच्या किरणांविषयी बरेच जण विचारतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात प्रयोगशाळेतील पेशींच्या जनुकद्रव्याला या किरणांनी इजा झाल्याचे दिसले. त्यावरून माणसाला कर्करोग होतो असे सिद्ध होत नाही, पण काळजी घ्यायला काय हरकत आहे? बोटांची टोके उघडी ठेवणारे हातमोजे घाला किंवा आधी सनस्क्रीन लावा.

मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून घरच्या घरी जेलचे किट वापरणाऱ्या शाळकरी मुलींना मात्र माझे स्पष्ट सांगणे आहे, हे करू नका. नर्सिंगच्या मुलींनीही ध्यानात ठेवावे, की रुग्णांची प्रत्यक्ष सेवा करणाऱ्यांनी कृत्रिम नखे लावू नयेत असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालच्या मार्गदर्शनात सांगितले आहे. आणि ऑपरेशनला जाताना नखे साफ करून जा. नखांचा रंग आणि बोटाला लावलेले ऑक्सिजनचे यंत्र या दोन्हींतून आम्हाला तुमच्या तब्येतीचा अंदाज घ्यायचा असतो.

कंपाउंडरची मुलगी पत्रकाच्या मागे हे सगळे लिहून घेऊन गेली. सोमवारपासून तिचा जेलचा क्लास सुरू झाला. पंख्यासाठी खिडकीला भोक पाडायला वडिलांनी सुताराला सांगितले आहे.

हा लेख छापायला देण्याआधी मी कापडदुकानातल्या त्या मुलीला बोलावून वाचून दाखवला. तिची हकीकत तिच्या परवानगीशिवाय लिहिणे बरे नव्हे. ती शांतपणे ऐकत होती. बोटांची टोके आता बरीच भरून आली आहेत. शेवटी म्हणाली, “सगळं बरोबर आहे डॉक्टर, पण एक राहिलं. कडेला आलेलं जेल मी माझ्या करंगळीच्या नखाने पुसायची. कुंचला धुवायला वेळ जायचा ना. दिवसाला दहा-बारा वेळा तरी. ते तेवढं लिहा. शिकणाऱ्या पोरींना हे कुणी सांगत नाही.”

तिच्या सांगण्यावरून लिहिले आहे.